टायर न उतरवता चाकाला रंग

घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचे तुम्ही काय करता? आमच्याकडे त्या साठतच जातात. आईचा दंडक असा, की ज्या कागदावर गणपती छापला आहे तो चुलीत घालायचा नाही, केरात टाकायचा नाही आणि त्यावर भाकरीही ठेवायची नाही. भावकी मोठी, पाहुणे जिल्हाभर पसरलेले. त्यामुळे वैशाख संपेपर्यंत माजघरातल्या कोनाड्यात पत्रिकांची वीतभर थप्पी होते. गेल्या उन्हाळ्यात या पत्रिका मोटारसायकलची चाके रंगवायला कामी आल्या. त्या कशा आल्या हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. पण ते सांगताना माझी एक लबाडीही सांगावी लागणार आहे. ती वगळली तर लिहिणे सोपे जाईल, मात्र तुमच्या उपयोगाचे राहणार नाही.

आमची वस्ती माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात. तिथून अकलूज बारा किलोमीटर. गाडी शंभर सीसीची, स्पोकच्या चाकांची, २००९ च्या पाडव्याला घेतलेली. २०२४ साली तिची पंधरा वर्षे भरली, तेव्हा नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतली, कारण इंजिन अजून तक्रार करीत नाही. या गाडीने काय वाहिले नाही? सकाळ-संध्याकाळ दुधाच्या दोन कॅन, पेंडीची पोती, कडब्याच्या पेंढ्या, उसाचे बेणे, पंढरपूरच्या वारीला निघालेली आई आणि खताच्या गोण्या. त्या गोण्यांनीच चाकांचा घात केला.

खताने लोखंड खाल्ले जाते हे आपण सगळेच फवारणीच्या पंपावर आणि पेरणीयंत्रावर पाहतो. पण तेच खत गाडीवर लादताना ते मनात येत नाही. गोणी कुठेतरी उसवलेली असते, चिमूटभर खत रिमेवर सांडते. खत हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंडावर ओलसर खारट लेप बसतो. पोटॅश तर मिठाच्याच कुळातले. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड क्रोमच्या चिरांतून आत शिरले की खालचे पोलाद गंजू लागते. त्यात गोठ्यातले मूत, सांडून आंबलेले दूध, कालव्याकाठचा चिखल. दहा वर्षांत रिमांवरचा क्रोम पोपडे धरून उडाला आणि चाके विटकरी दिसू लागली. आम्हा नवरा-बायकोला त्याचे काही वाटत नव्हते. दूध संकलन केंद्रावर कोण चाके बघतो?

पण धाकटी मुलगी बारावी झाली, अकलूजला पुढच्या वर्गात नाव घातले आणि एसटीच्या वेळा जुळेनात. सकाळची गाडी फार लवकर, त्यानंतरची थेट अकरा वाजता आणि हिचे प्रात्यक्षिक आठला. तिला अठरा पूर्ण झाली होती. गिअरच्या गाडीला तेवढे वय लागते. परवानाही काढून झाला होता. ठरले, की सकाळचे दूध घातले की गाडी तिला द्यायची. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “नाना, समदं चालंल. पर ह्या चाकांवर मी जायची न्हाई. पोरी हसत्यात.”

“रंग देऊ की. नवी दिसत्याल,” मी म्हणालो. बोलून मोकळा झालो खरा, पण टायर उतरवायची माझी हिंमत नव्हती. घरच्या घरी दोन पहारींनी टायर उतरवताना मी आजवर तीन ट्यूब चिमटवल्या आहेत. चौथी चिमटवायची नव्हती. तेव्हा टायर आहे तिथेच ठेवून रंग द्यायचा ठरवला.

पहिला प्रयत्न मी एकट्याने, पुढच्या चाकावर केला. नांगराला लावून उरलेले रेड ऑक्साइड घरात होते. सकाळी रिम पुसली, ब्रशने रेड ऑक्साइड लावले, दुपारी बोट लावून पाहिले तर वाळलेले वाटले. संध्याकाळी दुकानातून आणलेला चंदेरी रंगाचा स्प्रेचा डबा त्यावर मारला. पाच मिनिटांत सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. मी बघतच राहिलो. पुढे रंगाच्या दुकानदाराने उलगडा केला. रेड ऑक्साइड तेलाच्या जातीचे, ते वरून वाळले तरी आतून कच्चे असते. स्प्रेच्या डब्यातला रंग कडक थिनरमध्ये कालवलेला असतो. तो थिनर खालचा कच्चा थर फुगवतो, उचलतो आणि सुरकुत्या पडतात. म्हणून अस्तर आणि वरचा रंग एकाच जातीचे घ्यावेत. स्प्रेचा रंग मारायचा तर अस्तरही स्प्रेचेच. ब्रशने ऑइल पेंट लावायचा असेल तर रेड ऑक्साइड उत्तम, फक्त त्याला पुरते वाळू द्यावे.

सुरकुतलेले सगळे खरवडायचे होते. लेकीने ते पाहिले, पोट धरून हसली आणि शाळेतले जुने दप्तर कमरेला एप्रनसारखे बांधून माझ्या शेजारी येऊन बसली. आता काम दोघांचे झाले.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनाखाली विटा आणि वर लाकडी फळी घालून पुढचे चाकही अधांतरी केले. दोन्ही चाके हाताने फिरली पाहिजेत. आधी डिझेलच्या चिंधीने चेनचे उडालेले तेल आणि ग्रीस पुसून काढले, मग कपडे धुण्याच्या पावडरीने दोनदा धुऊन चाके उन्हात वाळवली. तेलकटपणावर रंग बसत नाही, आणि डिझेल हेही तेलच आहे. ते साबणाने काढावेच लागते. डिझेल किंवा थिनर टायरच्या रबराला आणि ब्रेकच्या ड्रमला लागू देऊ नये.

मग घासणे. रंगकामात निम्म्याहून जास्त वेळ यातच जातो आणि कंटाळाही इथेच येतो. तारेच्या ब्रशने पोपडे पाडले, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढला आणि शेवटी ४०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून फिरवला. जिथे क्रोम चांगला आहे तिथेही घासावे लागते, कारण आरशासारख्या गुळगुळीत क्रोमवर रंगाला धरायला काही नसते. तिथली चकाकी मरून तो पांढुरका दिसेपर्यंत घासावा. एक सांगून ठेवतो, सुटलेल्या क्रोमची धार ब्लेडसारखी असते. लेकीच्या अंगठ्याला ती लागली, तेव्हापासून आम्ही हातमोजे घातले.

घासताना खाली वर्तमानपत्र अंथरले होते. तरी वासरू दोर ताणून ताणून तिकडे येत होते. गुरांना रंगाचे पोपडे चाटायची वाईट खोड असते आणि हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या रंगात शिसे असते. ते पोटात गेले तर जनावर आंधळे होते, दात खाते, झटके येऊन दगावतेसुद्धा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. म्हणून खरवडलेला भुगा ओल्या कागदात गुंडाळून गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब टाकला. वासरालाही दुसऱ्या दाव्याला बांधले.

आता माझ्या लबाडीकडे येतो.

पुढचे चाक घासून झाले तेव्हा मी लेकीला म्हणालो, “मागलं मी एकटा करतो. तू जा, जेवण कर.” तिला वाटले बाप काळजीने म्हणतो आहे. खरे कारण वेगळे होते. आदल्या दिवाळीत गाडी धुतली तेव्हा मागच्या रिमेत स्पोक जिथे शिरतात तिथून चहाच्या रंगाचे पाणी पाझरताना मी पाहिले होते. गंज आतून येतो आहे हे मला तेव्हाच कळले होते. पण दिवाळीचा खर्च, मग उसाची लागण, मग लेकीची फी. मी मनाशी ठरवले, की मागच्या रिमेला रंगाचे दोन थर जास्त द्यायचे. बाहेरून कळणार नाही. पैसे आले की बघू.

ती गेली नाही. उरलेला पोपडा काढते म्हणून तिने मोठा पेचकस घेतला आणि व्हॉल्व्हच्या शेजारी टोक दाबले. टोक आत गेले. तिने हात तिथेच थांबवला.

“नाना, ही काय?”

मी काही बोललो नाही. तिने चार बोटे पुढे पुन्हा दाबले. तिथे पत्रा आत दबला, फुटला नाही एवढेच. मग तिने पाना घेतला आणि एकेका स्पोकवर हळूच टकटक केली. घट्ट स्पोक टणकन वाजतो, ढिला भद्द आवाज देतो. छत्तीसातले सात भद्द वाजले आणि दोन तर निपलपाशी तुटून नुसते अडकून राहिले होते. “तुमास्नी म्हाईत हुतं?” तिने विचारले.

“हुतं,” मी म्हणालो.

आमची मंडळी उंबऱ्यात उभी होती. ती रोज पहाटे याच गाडीवर मागे बसून, दोन्ही बाजूंच्या कॅन सांभाळत, कालव्याच्या भरावावरून संकलन केंद्रावर येते. ती एवढेच म्हणाली, “मला तर सांगायचं व्हतंत.” आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही. त्या दिवशी दूध मी डोक्यावर आणि हातात करून शेजाऱ्याच्या गाडीपर्यंत नेले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाके खोलून अकलूजच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने मागचे टायर उतरवले, ट्यूब काढली, रिमेच्या आत असते ती रबरी पट्टी ओढली तर ती गंजाला चिकटून तुकड्यांनी निघाली. त्याने रिम उलटी करून वर्तमानपत्रावर आपटली. मूठभर गंज पडला. काही ठिकाणी पत्रा पापडासारखा झाला होता. “रंग कुठनं मारनार हुता,” मिस्त्री म्हणाला, “भायरनं का आतनं?” पाणी स्पोकच्या भोकांतून आत जाते, ट्यूब आणि रिमेच्या मध्ये कोंडते, उन्हाला दिसत नाही, त्यामुळे वाळत नाही. बाहेरून कितीही रंग द्या, आतला गंज आपले काम करीतच राहतो. अशा रिमेवर ओझे असताना खड्डा लागला तर स्पोक एकामागून एक सुटू शकतात आणि चाक बसते.

नवी रिम, नवे स्पोक आणि मजुरी मिळून मिश्रखताच्या एका गोणीएवढा खर्च आला. एवढ्यासाठी मी दिवाळीपासून गप्प होतो.

पुढचे टायरही त्याच्याकडून उतरवून घेतले. आत नुसती तांबूस पूड होती, पत्रा टणक. तिथे पॉलिश पेपर फिरवून, अस्तराचा हात देऊन, नवी पट्टी घालून टायर पुन्हा चढवून आणले. तुम्हालाही माझे सांगणे आहे, की टायर न उतरवता रंग जरूर द्या, पण त्याआधी जेव्हा केव्हा पंक्चर निघेल तेव्हा टायर उतरतेच, त्या वेळी पंक्चरवाल्याला दोन मिनिटे थांबवून रिम आतून बघून घ्या. स्पोकच्या मुळाशी तांबडे ओघळ दिसत असतील तर पंक्चरची वाटसुद्धा बघू नका.

रंग मग फक्त पुढच्या चाकाला द्यायचा राहिला, कारण मागची रिम कोरी चकचकीत. इथे पत्रिका आल्या. ही युक्ती माझ्या मेव्हण्याची. चाकातली सगळी हवा सोडायची, व्हॉल्व्हची पिनही काढायची. हवा गेली की टायर अंगठ्याने दाबल्यावर रिमेच्या काठापासून जरा मागे सरते आणि फट पडते. कडक असेल तर साबणाचे पाणी सोडावे. पेचकस घालून उचकटू नये, ट्यूब चिमटते. त्या फटीत जाड कागदाचे तुकडे एकावर एक चढवत गोलाकार खोचायचे. टायर झाकले जाते आणि रिमेचा काठ आतपर्यंत उघडा राहतो, म्हणजे रंग टायरखालपर्यंत पोहोचतो. चिकटपट्टीने हे साधत नाही. ती काठावरच थांबते आणि नंतर तिथूनच रंग सुटू लागतो. हवा नसताना गाडी ढकलू नये, ट्यूब सरकून व्हॉल्व्ह फाटतो.

वर्तमानपत्र यासाठी फार पातळ. पुठ्ठा जाड. लग्नपत्रिकेचा कागद बरोबर मापाचा. मी कोनाड्याकडे हात नेला तशी आई उठून बसली. बराच वेळ विचार करून तिने निकाल दिला, “आदी गणपती कापून काढा. कुलदैवताची नावंबी. मग काय करायचं ते करा.” लेकीने कात्री घेतली. अर्धा दिवस यातच गेला, कारण प्रत्येक पत्रिका आईला वाचून दाखवावी लागली. कोणाचे लग्न, कोणत्या साली, कोण जेवायला रुसले होते, सगळे निघाले. चार बोटे रुंदीचे तुकडे केले. अठरा इंची चाकाला एका बाजूला तेवीस-चोवीस लागले, दोन्ही बाजू मिळून पन्नासच्या आत. मडगार्ड, फोर्क आणि हेडलाइट जुन्या धोतराने गुंडाळले. ब्रेकच्या ड्रमची फट आणि व्हॉल्व्ह चिकटपट्टीने बंद केले. तुमच्या गाडीला डिस्क ब्रेक असेल तर डिस्क आणि त्याची पकड प्लॅस्टिकच्या पिशवीने पूर्ण झाका. तिच्यावर रंगाचा तुषार बसला तर ब्रेक धरणार नाही.

वेळ सकाळी नऊची निवडली. दव उडून गेलेले, वारा पडलेला आणि लोखंड अजून तापलेले नाही. दमट हवेत हा रंग पांढुरका पडतो आणि भर दुपारी तापलेल्या रिमेवर तो पसरण्याआधीच वाळून खरखरीत होतो. जागा उघड्यावरची, गोठा आणि कडब्याची गंज दोन्हींपासून लांब. डब्यातला वायू आणि थिनर दोन्ही पेट घेतात, तेव्हा विडीवाल्या पाहुण्यांना आधीच चहा देऊन वाटेला लावले. नाकाला रुमाल बांधला. त्याने थेंब अडतात, वास अडत नाही. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

डबा दोन मिनिटे हलवला, आतली गोळी खडखडत राहिली पाहिजे. रिमेपासून एक वीत अंतर धरले. लेक चाक सावकाश फिरवीत होती आणि मी डबा हलता ठेवून फुर्र-फुर्र मारत होतो. एका जागी थांबलात की ओघळ आलाच. पहिला हात इतका पातळ द्यायचा, की खालचे लोखंड दिसत राहावे. तो बघून आपल्याला वाटते काहीच झाले नाही आणि हात जड पडतो. लेक ओरडायची, “नाना, फुडं!” अस्तराचे दोन हात, मग चंदेरीचे तीन, प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटे. स्पोकही त्यातच रंगले. स्पोकच्या मागची बाजू सरळ मारल्याने राहून जाते, तिथे दोन्ही अंगांनी तिरपे मारावे लागले.

अर्ध्या तासाने रंग बोटाला लागेनासा झाला, तेव्हा पत्रिकांचे तुकडे एकेक करून सरळ बाहेर ओढले. टायरवर दोन-तीन ठिकाणी चंदेरी ठिपके उडाले होते, ते नखाने निघाले. चोवीस तास हवा भरली नाही. दुसऱ्या दिवशी पंपाने थोडी हवा भरून, टायरची कड सगळीकडे सारखी बसली का ते पाहिले. टायरच्या अंगावर रिमेलगत एक बारीक रेघ असते, ती चहूकडून रिमेपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दाबाएवढी हवा केली. अंगणातच सावकाश चालवून चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहिला, तो मीच पाहिला.

कॉलेज सुरू झाले त्या दिवशी पाऊस होता. हेल्मेट घालून ती निघाली तेव्हा आमची मंडळी मागच्या चाकाजवळ वाकली आणि स्वतः पान्याने दोन-तीन स्पोक वाजवून पाहिले. टणटण वाजले. मग म्हणाली, “जा.” तेव्हापासून दर आठवड्याला ती हे करते. मी काही म्हणत नाही.

पावसाळा संपला. पुढच्या रिमेवर खडे लागून दोन ठिकाणी रंग उडाला आहे, बाकी तसाच आहे. डब्यात थोडा रंग शिल्लक आहे, एक कोरडी सकाळ बघून त्या दोन जागांना हात फिरवायचा आहे. पत्रिका मात्र संपल्या. तुळशीचे लग्न झाले की नव्या येऊ लागतील, आणि आईने कात्री आत्ताच कोनाड्यात नेऊन ठेवली आहे.